एकट्याचा शोक, चौघांचं नाव : ‘द फायनल कट’ ऐकताना

  

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही आणि रॉक?’ प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, त्यातून सत्तरी ओलांडलेला. पण मागच्या व्याख्यानात आपण करुण रसाविषयी बोललो, आणि तिथे एक प्रश्न अर्धवट राहिला होता. माझं दुःख माझंच असतं. मग ते ऐकणाऱ्याचं कसं होतं? आणि केव्हा होत नाही? त्याचं उदाहरण म्हणून मी आज एक रेकॉर्ड घेणार आहे. इंग्लंडची आहे, १९८३ सालची आहे. तिचा महाड-पोलादपूरशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो इटलीत दगडावर कोरलेला आहे. तिथपर्यंत आपण जाऊ, पण थोडं सावकाश.

मंडळ फुटतं तेव्हा

पिंक फ्लॉइड हा लंडनचा बँड १९६५ साली सुरू झाला. सुरुवातीचा मुख्य गीतकार सिड बॅरेट १९६८ मध्ये बाहेर पडला आणि चौघं राहिले. रॉजर वॉटर्स बेस गिटार वाजवायचा आणि हळूहळू जवळपास सगळे शब्द त्याचे होत गेले. डेव्हिड गिलमोरकडे गिटार आणि फार सुरेल गळा. रिक राइट की-बोर्डवर, निक मेसन ड्रमवर. १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि १९७९ चा ‘द वॉल’ हे त्यांचे अल्बम जगभर गेले. अल्बम म्हणजे काय, हे इथल्या ज्येष्ठांसाठी सांगतो. सुटी गाणी गोळा केलेली नसतात. कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतो, तसा पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एक धागा असतो.

आता बँड फुटतो म्हणजे काय होतं? तुम्ही भजनी मंडळ फुटताना पाहिलंय. एकाचा आवाज चांगला, दुसऱ्याचा पखवाजावर हात, तिसरा पेटी वाजवणार, चौथा नुसते टाळ धरणारा पण सगळ्यांना सांभाळून घेणारा. वीस वर्षं चालतं. मग एक दिवस बिनसतं. भांडण पैशावरून कमी असतं. ‘आज कोणता अभंग घ्यायचा’ हे कोण ठरवणार, यावरून जास्त असतं. आणि फुटल्यावर पहिला प्रश्न येतो : मंडळाचं नाव कुणाकडे राहणार?

पिंक फ्लॉइडचं अगदी हेच झालं. ‘द वॉल’चं काम चालू असताना वॉटर्सच्या आग्रहावरून राइटला बाहेर काढलं गेलं. पुढच्या जाहीर कार्यक्रमांत त्याने वाजवलं, पण पगारी वादक म्हणून. स्वतः उभारलेल्या बँडमध्ये पगारी. त्यानंतरचा अल्बम म्हणजे आजचा आपला विषय, ‘द फायनल कट’. मार्च १९८३ मध्ये तो बाहेर आला. सुमारे ४३ मिनिटं, १२ गाणी. यात राइट नाहीच. पियानोची आणि वाद्यवृंदाची बाजू मायकेल केमन या संगीतकाराने सांभाळली. मेसनचा बराच वेळ ध्वनिपरिणाम गोळा करण्यात गेला. गिलमोरचं म्हणणं होतं, ‘द वॉल’च्या वेळी जी गाणी आपणच बाजूला ठेवली, ती आता अचानक चांगली कशी झाली? त्याला नवीन काही रचायला वेळ हवा होता. वॉटर्स थांबायला तयार नव्हता. शेवटी निर्मात्यांच्या यादीतून गिलमोरचं नाव निघालं. मुख्य गायक म्हणून तो अख्ख्या अल्बमवर एकाच गाण्यात आहे, ‘नॉट नाउ जॉन’मध्ये. रेकॉर्डच्या मागे जे छापलं त्याचा अर्थ असा : रचना रॉजर वॉटर्सची, सादरीकरण पिंक फ्लॉइडचं. म्हणजे मंडळ आता बुवांच्या मागे टाळ धरायला उरलं.

‘फायनल कट’ हा चित्रपटाच्या धंद्यातला शब्द आहे. संकलन करताना शेवटची कात्री कुणाची, शेवटचा शब्द कुणाचा, तो अधिकार. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधल्या सर्वांत निर्दय वाराचीही त्यात आठवण आहे. हे दोन्ही अर्थ लक्षात ठेवा. शेवटचा शब्द, आणि जवळच्याने केलेला वार.

पाच महिन्यांचं मूल

एवढं सगळं कशासाठी? हा माणूस इतका हट्टाला का पेटला?

रॉजर वॉटर्सचा जन्म ६ सप्टेंबर १९४३ चा. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स. खाणकामगाराचा मुलगा, शाळामास्तर. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांनी शस्त्र घ्यायला नकार दिला होता. लंडनवर बॉम्ब पडत असताना ते रुग्णवाहिका चालवत होते. पुढे त्यांचं मत बदललं. फॅसिझमशी लढायलाच हवं, असं ठरवून ते सैन्यात गेले. जानेवारी १९४४ मध्ये दोस्त फौजा इटलीत आंझिओच्या किनाऱ्यावर उतरल्या. जर्मनांनी जोरदार उलटा हल्ला चढवला, आणि १८ फेब्रुवारी १९४४ ला एरिक वॉटर्स आप्रिलियाजवळ मारले गेले. देह सापडला नाही. मुलगा पाच महिन्यांचा होता.

आता बघा, पाच महिन्यांच्या मुलाला वडिलांची आठवण असू शकत नाही. त्याने जे गमावलं, ते त्याला कधी माहीतच नव्हतं. अशा दुःखाला टेकायला काही नसतं. चेहरा नाही, आवाज नाही, समाधी नाही. ‘द वॉल’वरून १९८२ मध्ये ॲलन पार्करने चित्रपट केला, त्यात वडिलांच्या मृत्यूवर वॉटर्सचं एक गाणं आहे. त्यात मुलाला घरातल्या खणात राजाच्या नावाचा, शिक्क्याचा सांत्वनपर कागद सापडतो. हे गाणं १९८३ च्या रेकॉर्डवर नव्हतं, २००४ च्या आवृत्तीत ते घातलं गेलं. पण अल्बमचं बीज तेच आहे. अल्बम एरिक फ्लेचर वॉटर्सना अर्पण केलेला आहे, आणि त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ होतो ‘युद्धानंतरच्या स्वप्नासाठी एक शोकगीत’.

युद्धानंतरचं स्वप्न म्हणजे काय? १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला. गरिबी, आजार, अज्ञान, बेकारी यांपासून प्रत्येकाला संरक्षण मिळेल असं राज्य उभारायचं, असा त्याचा आशय. १९४५ मध्ये मजूर पक्ष निवडून आला, १९४८ मध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. जे मेले ते कशासाठी मेले, याचं ते उत्तर होतं. वॉटर्सच्या मनात वडिलांचं मरण या वचनाशी बांधलेलं होतं.

आणि मग १९८२ आलं. २ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली, मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने आरमार पाठवलं, १४ जूनला युद्ध संपलं. ब्रिटनचे २५५ सैनिक मेले, अर्जेंटिनाचे ६४९. त्यांतले ३२३ ‘जनरल बेलग्रानो’ या एकाच बुडवलेल्या जहाजावरचे. हा अल्बम आधी चित्रपटातल्या उरल्यासुरल्या गाण्यांचा होणार होता. युद्ध पाहिल्यावर वॉटर्सने सगळा बेत बदलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माझे वडील ज्यासाठी मेले, त्याची ही किंमत केलीत?

ट्रंकेतला कागद

आता मी इटलीतून तुम्हाला पोलादपूरला आणतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. भातलावणी उरकली होती. त्याच्या आजीने पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून एक पुडकं काढलं. त्यात एक पदक, त्याची लाल-पांढरी-हिरवी फीत, आणि इंग्रजी छापलेला एक कागद. तो आला तेव्हा त्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. आजीने मला विचारलं, ‘मास्तर, ही इटली कुठं आली? तिकडं पाऊस पडतो का हो?’ मी म्हटलं, ‘पडतो, आजी.’ त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘त्यांना जाळलं का पुरलं, ते काय कुणी सांगितलं नाही.’ आणि पुडकं पुन्हा बांधून ठेवलं.

मला त्या वेळी हा अल्बम माहीत नव्हता. नंतर एका विद्यार्थ्याने कॅसेट आणून दिली. ती ऐकताना मला ती ट्रंक आठवली, इंग्लंड नाही.

आपल्या या भागातून किती माणसं सैन्यात गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत भारताच्या तीन डिव्हिजन लढल्या : चौथी, आठवी आणि दहावी. पाच हजारांहून जास्त भारतीय सैनिक तिथे मेले. त्यांत एक होते नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून दस्त्याने लढले. मग दुरून झाडलेल्या गोळ्यांनी तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाडहून मुंबईकडे जाताना माणगाव लागतं, तिथे त्यांचा पुतळा आहे. आपण एसटीतून तो पाहतो आणि पुढे जातो.

आता तो दगड. इटलीत कासिनो इथे एक स्मारक आहे. ज्यांची कबर माहीत नाही, अशा ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्यात एरिक फ्लेचर वॉटर्स हे नाव आहे, आणि यशवंत घाडगे हेही नाव आहे. केंब्रिजच्या मुलाचे वडील आणि पळसगावचा जवान एकाच स्मारकावर. एकाच्या मुलाने जगभर ऐकलं गेलेलं शोकगीत लिहिलं. दुसऱ्याच्या नावाने पुतळा झाला. आणि बाकीच्यांच्या घरी ट्रंका आहेत.

शोक सर्वांचा कसा होतो

आता आपला मूळ प्रश्न. क्रौंच पक्ष्याचा वध पाहून वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’मध्ये ती काव्याच्या मुळाशी ठेवली. पुढे अभिनवगुप्ताने त्यावर टीका लिहिताना एक बारीक गोष्ट सांगितली. तो म्हणतो, हा शोक मुनींचा स्वतःचा आहे असं समजू नका. माणूस स्वतः दुःखात बुडालेला असेल, तर त्यातून रस निर्माण होणार नाही. दुःख ‘माझं’ही राहू नये आणि ‘त्याचं’ही राहू नये. ते साधारण व्हायला हवं. साधारण म्हणजे सामान्य किंवा मामुली नव्हे. ज्यात कुणीही शिरू शकेल असं, सर्वांना खुलं. भट्टनायकाने त्याला शब्द दिला साधारणीकरण.

साधारणीकरण फक्त कवीच्या मनात होत नाही, असं मला वाटतं. हे माझं मत, अभिनवगुप्तावर ढकलत नाही. समूहात केलेल्या कलेत ते सोबत्यांमुळे होतं. बुवांना जे दुःख आहे, ते पखवाजवाल्याला नाही. तो फक्त ठेका धरतो. पण तो ठेका धरतो म्हणून बुवांचं दुःख बुवांपासून थोडं सुटतं आणि आपल्यापर्यंत येतं. सोबती म्हणजे पहिला परका ऐकणारा. तो म्हणू शकतो, ‘हे मला पोचलं नाही, पुन्हा बघ.’ गिलमोर नेमकं हेच म्हणत होता. ‘ही गाणी पुरेशी चांगली नाहीत’ हे वाक्य ज्याचे वडील मेले त्याला क्रूर वाटणार. पण सोबत्याचं कामच ते असतं.

ही कसोटी घेऊन गाणी ऐकू.

‘द गनर्स ड्रीम’ हे मला या अल्बममधलं सर्वांत मोठं गाणं वाटतं. विमानातला एक तोफची आकाशातून खाली पडतो आहे. मरण येईपर्यंतच्या त्या वेळात तो स्वप्न पाहतो. राहायला जागा आहे, पोटाला पुरेसं आहे, म्हातारे निवांत रस्त्यावरून फिरतात, मनातली शंका मोठ्याने बोलता येते, कुणी मुलांना मारत नाही. बस, एवढंच स्वप्न. स्वर्ग वगैरे काही मागितलेलं नाही. या गाण्यात वॉटर्सची एक किंकाळी आहे, लांबवलेली, आणि ती ऐकता ऐकता सॅक्सोफोनमध्ये मिसळते. राफाएल रेवन्सक्रॉफ्ट या वादकाचा सॅक्सोफोन. गळा कुठे संपला आणि वाद्य कुठे सुरू झालं ते कळत नाही. एका माणसाची किंकाळी दुसऱ्या माणसाच्या श्वासाने पुढे नेली, यालाच मी साधारणीकरण म्हणतो. आणि पाहा, हा तोफची वडील नाहीत. वडील पायदळात होते. वॉटर्सने दुसऱ्या कुणाचं मरण घेतलं, आणि त्यामुळे आपल्याला आत यायला दार मिळालं. पोलादपूरच्या त्या आजींनाही त्यात येता आलं असतं.

‘साउदॅम्प्टन डॉक’ हे तसंच. अगदी छोटं, हळू आवाजातलं. १९४५ मध्ये सैनिक बंदरावर उतरतात, आणि पुन्हा १९८२ मध्ये त्याच धक्क्यावरून पोरं लढाईला निघतात. एक बाई उभी आहे, हात हलवून निरोप देते. तिचं नाव नाही. म्हणून ती कुठलीही बाई आहे.

आता दुसरी बाजू. ‘द फ्लेचर मेमोरियल होम’. वडिलांच्या नावाने एक वृद्धाश्रम, त्यात जगभरचे सत्ताधारी ठेवायचे. रेगन, थॅचर, ब्रेझनेव्ह, बेगिन, अशी नावं घेऊन. कल्पना बोचरी आहे, हसूही येतं. पण शेवटी गाणं काय सुचवतं? सगळे एकदा आत बसले की त्यांचा कायमचा निकाल लावायचा. आणि त्यासाठी जो शब्दप्रयोग वापरलाय तो नाझींचा आहे. उपरोध आहे, मला कळतो. तरी थांबून विचार करावा लागतो. नाझींशी लढताना मेलेल्या वडिलांच्या नावाने ही इमारत बांधली, आणि तिच्यात हे? इथे शोक साधारण झाला नाही. तो निकाल देणारा झाला. ‘माझे वडील मेले आहेत, म्हणून शेवटचा शब्द माझा.’

आणि नेमकं याच गाण्यात, शब्द इतके कडवट असताना, मध्ये गिलमोरची गिटार येते. मी तुम्हाला विनंती करतो, घरी जाऊन तेवढा भाग ऐका. त्यात राग नाही. शब्दांनी जे दुःख लपवलं होतं ते तिथे उघडं पडतं. ज्या माणसाला ही गाणी पटत नव्हती, ज्याचं नाव निर्मात्यांच्या यादीतून काढलं, त्याच्या बोटांतून वॉटर्सच्या वडिलांचा शोक आपल्यापर्यंत येतो. अल्बमचं शीर्षकगीतही तसंच आहे. एक माणूस जगण्याच्या अगदी कडेला पोचलाय, आणि तेवढ्यात फोन वाजतो. कुणीतरी दुसरं माणूस आहे, एवढ्यावर तो थांबतो. तिथेही गिटार गिलमोरची.

शेवटचं गाणं ‘टू सन्स इन द सनसेट’. गाडी चालवणाऱ्याला मागच्या आरशात मावळता सूर्य दिसतो आणि पूर्वेला दुसरा सूर्य. म्हणजे अणुस्फोट. शत्रू आणि मित्र हा फरकच शेवटी उरत नाही, असं ते गाणं सांगतं. लय अवघड, सारखी बदलणारी. त्यामुळे त्यावर ड्रम मेसनने वाजवलेले नाहीत, अँडी न्यूमार्क या बाहेरच्या वादकाने वाजवले आहेत. वॉटर्स असलेल्या पिंक फ्लॉइडचं हे शेवटचं गाणं. त्यात राइट नाही, मेसनही नाही. सगळे शेवटी सारखेच, असं सांगणाऱ्या गाण्यात सोबत्यांपैकी दोघं हजरच नाहीत.

या अल्बमविषयी मला एवढंच म्हणायचंय. वॉटर्सची तक्रार अशी होती, की वर बसलेली चार माणसं कुणाला न विचारता ठरवतात आणि दुसऱ्यांची पोरं मरतात. तक्रार खरी होती. पण ती मांडताना स्टुडिओत त्याने कुणाला विचारलं नाही. यावर कुणी म्हणेल, मग तो ढोंगी होता, अल्बम खोटा आहे. मी तसं म्हणणार नाही. ‘द गनर्स ड्रीम’ खोटं होत नाही. मला यातून दुसरी गोष्ट दिसते. खऱ्या शोकालाही अधिकार गाजवायची ओढ असते. ज्याचं जास्त गेलं, त्याला वाटतं की आपल्याला जास्त बोलायचा हक्क आहे. हक्क आहेही. पण तो वापरताना एकेक सोबती निघून जातो, आणि मग ते दुःख ऐकवणारं कुणी उरत नाही.

पुढचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, पण बँड त्यासाठी दौऱ्यावर निघालाच नाही. डिसेंबर १९८५ मध्ये वॉटर्सने बँड सोडल्याचं जाहीर केलं. १९८६ मध्ये तो कोर्टात गेला : पिंक फ्लॉइड हे नाव आता कुणी वापरू नये. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली, नाव गिलमोर आणि मेसनकडे राहिलं. पखवाज कुणाकडे, तोच प्रश्न. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं एकदा एकत्र वाजवायला उभे राहिले. २००८ मध्ये रिक राइट गेला.

महाडचं युद्धोत्तर स्वप्न

थांबण्यापूर्वी एक गोष्ट. युद्धानंतरचं स्वप्न मोडणं ही काही फक्त इंग्लंडची गोष्ट नाही. ती या गावाची आहे, वॉटर्सच्या जन्माच्या आधीची.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झालेले. महार समाजाची सैन्यभरती बंद झाली तेव्हा, १८९४ मध्ये, त्यांनी सरकारला विनंतीपत्र लिहिलं. भरती बंदच राहिली. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं. १९२१ मध्ये ती मोडली. ज्यांच्या खांद्यावर बंदूक चालली, त्यांना गावच्या तळ्याचं पाणी चालत नव्हतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला इथे परिषद भरली. तिच्यात सैन्यातले पेन्शनरही होते, आणि बाबासाहेबांनी आपल्या भाषणात त्या बंद झालेल्या भरतीविषयी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून चवदार तळ्यावर गेले.

ही तुलना मी जपून करतो. रेकॉर्ड आणि सत्याग्रह एका तागडीत बसत नाहीत. पण अपमान तेव्हा प्रत्येकाचा वेगळा होता, आपापल्या घरात गिळलेला. परिषदेत तो सर्वांचा झाला. एकट्याने पाणी प्यायलं असतं तर ती फक्त त्याची तहान झाली असती.

व्याख्यान इथे संपवतो. एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे : ‘सर, शेवटी बरोबर कोण? वॉटर्स की गिलमोर?’

मी कोर्ट नाही. गिलमोरने नंतर कबूल केलंय की त्या काळात तो कधीकधी आळशी होता. म्हणजे वॉटर्सचा वैताग अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : शब्दांविषयी वॉटर्स बरोबर होता, आणि सोबत्यांची गरज असते याविषयी गिलमोर. मला वाईट याचं वाटतं की ही दोन्ही मतं एकाच खोलीत बसू शकली नाहीत.

आणि माझी एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तशी ट्रंक असेल, तर या पावसाळ्यात ती उघडा. कागदाला कसर लागली नाही ना बघा. वरचं नाव, पलटण, गाव एका वहीत लिहून ठेवा, आणि घरातल्या पोरांना ते मोठ्याने वाचायला सांगा. कासिनोच्या दगडावर नाव आहे का, तेही शोधता येतं. मदत लागली तर मी आहे. पुढच्या वेळी भेटू.